कोरड्या दोराचं माप

पुस्तिकांचे गठ्ठे धुळ्याच्या ऑफिसात सकाळी अकराला उतरले आणि साडेअकराला दिपमालाने त्यातल्या एकाची सुतळी कापली. संस्थेचा हा दरवर्षीचा अहवाल. जाड चकचकीत कागद, रंगीत फोटो, दोन हजार प्रती. त्यातल्या सोळाशे छापखान्यातूनच पंधरा दिवसांपूर्वी देणगीदारांना टपालाने गेल्या होत्या. उरलेल्या चारशे आता भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"अकराव्या पानावर तुझं गाव आहे," ललित आपल्या टेबलावरून म्हणाला. संस्थेचं लिहिणं-छापणं सगळं त्याच्याकडे होतं. "बघ, आणि चहा पाज."

दिपमालाने अकरावं पान उघडलं. पानभर गुंताअक्का होती. मोहपाड्याच्या विहिरीच्या काठावर वाकलेली, पाय अनवाणी, टाचांच्या भेगा स्पष्ट दिसणाऱ्या, शेजारी कलंडलेला रिकामा हंडा. ओठ घट्ट मिटलेले. फोटोखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: "गुंताबाईंच्या पायात चप्पल नाही. हंड्यात थेंब नाही. कोरड्या विहिरीत डोकावणाऱ्या या डोळ्यांना आता कुणाचाच आधार उरलेला नाही. आधार फक्त तुमचा."

तिने ते दोनदा वाचलं. जळगावला भूगर्भशास्त्र शिकताना तिला एक सवय लागली होती. आकडा विचित्र आला की आधी आपलंच वाचन चुकलं असेल असं धरायचं. म्हणून तिने तिसऱ्यांदा वाचलं. वाचन चुकलेलं नव्हतं.

हा फोटो तिनेच काढला होता. फाल्गुनातल्या अमावस्येला, सकाळी सव्वासातला.

मोहपाडा हे साक्री तालुक्याच्या पश्चिम टोकाचं गाव, डोंगराच्या पोटात. तिथल्या बायका गेली आठ वर्षं दर अमावस्येला आणि पौर्णिमेला विहिरीचं पाणी मोजतात. मोजायला अंबाडीचा दोर आहे, टोकाला नदीतला गोटा, आणि हातभर अंतरावर एकेक गाठ. हात म्हणजे गुंताअक्काचा हात, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. दिपमालाने टेप लावून पाहिलं होतं, सेहेचाळीस सेंटिमीटर. अशा सव्वीस गाठी. सोळाव्या गाठीला लाल चिंधी बांधलेली. काठापासून पाणी सोळा गाठी खाली गेलं, की त्या दिवसापासून शेताला पाणी बंद, उरलेलं फक्त माणसांना आणि गुरांना. गावाच्या शिवारात बोर कोणीच पाडायची नाही. हे सगळं ग्रामसभेने ठरवलेलं, आणि आठ वर्षं पाळलेलं.

दिपमाला नवीन होती तेव्हा तिने एकदा दोर उचलून तसाच विहिरीत सोडला होता. गुंताअक्काने तो तिच्या हातातून काढून घेतला आणि हंडाभर पाण्यात बुडवला. "कोरडा दोर खोटं बोलस," ती म्हणाली होती. दिपमालाने नंतर ऑफिसात तपासलं. भिजला की अंबाडीचा दोर आखडतो. बारा मीटरच्या दोरात अर्ध्या मीटरचा फरक पडत होता. गाठीही म्हणूनच ओल्या दोराला मारलेल्या होत्या. हे बाईला कोणी शिकवलेलं नव्हतं. पहिल्या वर्षीचा हिशेब दोनदा चुकला, तेव्हा तिने स्वतःच शोधून काढलेलं होतं.

म्हणजे हंडा रिकामा होता, कारण त्यातलं पाणी दोर भिजवायला वापरलं होतं. पाय अनवाणी होते, कारण विहिरीवर आसरांची, पाण्यातल्या देवींची, जागा असते आणि तिथे चप्पल घालून कोणी जात नाही. सगळ्या बायकांच्या चपला दहा पावलांवर बाभळीखाली असतात. ओठ मिटलेले होते, कारण ती गाठी मोजत होती. मोजणारं माणूस हसत नाही. शेवटची गाठ मोजून झाल्यावर मात्र ती पोटभर हसली होती, कारण पूर्वी लाल चिंधीला महाशिवरात्रीलाच पाणी टेकायचं, आणि यंदा होळी होऊन पंधरा दिवस झाले तरी पंधरावीच गाठ होती. पण तोवर दिपमालाच्या हातात फोनऐवजी वही आली होती.

"ललित," ती म्हणाली, "मी तुला तीन पानं पाठवली होती. आठ वर्षांचं मोजमाप पाठवलं होतं."

"छान होतं ते. खरंच. पण गाठी, सेंटिमीटर, चिंधी… वाचणाऱ्याच्या डोळ्यात पाणी यायला हवं, दिपा. त्याशिवाय हात खिशात जात नाही."

"विहीर कोरडी नाही."

"तूच लिहिलंस. फॉर्मवर 'समस्या'च्या रकान्यात."

"दोन हजार सोळा सालची लिहिली. तेव्हा कोरडी पडली म्हणून तर मोजायला लागल्या. साल कुठे गेलं?"

"जागा नव्हती," ललित म्हणाला. त्याला खरंच काही वावगं वाटत नव्हतं. माणूस वाईट नव्हता. कोणाचं काही दुखलं तर दवाखान्यात आधी तोच धावायचा. "आणि बाकीचं मी तुला फोन करून विचारलं होतं. आठवतं?"

तिला आठवत होतं. ती पिंपळनेरच्या बसमध्ये उभी होती. ललितने विचारलं, फोटोतल्या बाई अनवाणीच आहेत ना? ती म्हणाली, हो. हंडा रिकामा आहे ना? हो. एकट्याच आहेत ना फोटोत? हो. तिन्ही उत्तरं बरोबर होती. विचारलं तेवढंच सांगायचं, ही तिची आयुष्यभराची सवय. तिला आपल्या या नेमकेपणाची इतकी चीड आली की बोटांखालचं पान चुरगळलं.

"अगं, सांभाळून," ललित म्हणाला. "आणि पुढचं तर ऐक. या पानावर बोर मिळाली आपल्याला. सावद्याचे रतिलालभाऊ, केळीचे मोठे बागाईतदार. पान वाचून तिसऱ्या दिवशी फोन. बायको वारली मागच्या वर्षी, तिच्या नावाने मोहपाड्याला बोर देतायत. मशीनसुद्धा त्यांनीच ठरवलंय. येत्या गुरुवारी. रोहिदास मेंबरने आपल्या शेतातली जागा फुकट दिली, विहिरीला लागूनच आहे म्हणे."

दिपमाला खाली बसली. विहिरीला लागून म्हणजे चाळीस पावलांवर. त्या विहिरीला पाणी देणारा भेगाळ खडक आठ ते बारा मीटरवर होता, आणि रोहिदासच्या शेताखालूनच येत होता. तिथे बोर पाडणं म्हणजे भरल्या मडक्याच्या बुडाला भोक पाडणं.

"त्या गावात बोर न पाडायचा ठराव आहे," ती म्हणाली. "तिसऱ्या पानावर लिहिलं होतं मी."

"पाणी नको म्हणणारं गाव मी तरी पाहिलं नाही."

"त्या रतिलालभाऊंचा नंबर दे."

"देणगीदाराशी बोलायचं काम माझं आहे," ललित म्हणाला, पहिल्यांदाच थोडं करड्या आवाजात. "फिल्डवर तू. इथे मी. मध्ये येऊ नकोस."

तिने पुस्तिका पिशवीत घातली. जाताना टपालाच्या ट्रेमध्ये रतिलालभाऊंना जायचं आभाराचं पत्र होतं, वर पत्ता होता. तो तिने वाचला. वाचायला कोणाची परवानगी लागत नव्हती.

*

दुसऱ्या दिवशी मोहपाड्यात गुंताअक्काने ते पान आपल्या मांडीवर पसरलं आणि सुनेकडून मोठ्याने वाचून घेतलं. ओसरीवर सात-आठ बायका जमल्या होत्या. वाचून झाल्यावर एकीने विचारलं, "कुनाचाच आधार नही? मंग तुना घरवाला काय मरी गया का व, अक्का?"

बायका हसल्या. गुंताअक्का हसली नाही. ती उठली, दारातल्या चपला उचलून आणल्या आणि दिपमालासमोर ठेवल्या. पिंपळनेरच्या बाजारातल्या, जाड टाचेच्या, निळ्या पट्ट्याच्या.

"ह्या कसान्या शेतस, मॅडम?"

सहा वर्षं ती दिपमालाला 'पोर' म्हणत आली होती.

"अक्का, मी…"

"फोटू तूच काढा ना?"

"हो."

"बाभूयखाल मन्या चपला तुले दखाईन्यात नही का?"

"दिसत होत्या. मला कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही."

गुंताअक्काने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. दोराची गाठ बोटात धरून पाहावी तसं. मग ती पुन्हा खाली बसली. "मना बाप पाटीलना वाडामा चाकर व्हता," ती हळू म्हणाली. "त्याले चप्पल घालाले बंदी व्हती. मी पहिली मजुरी लयनू, तधय पहिले चपला लिध्यात. आन् आते बठ्ठा मुलूखमा मी अनवाणी." तिने पान घडी करून दिपमालाच्या हातात दिलं. "जितला कागद गया, तितला परत आन."

बोरची गोष्ट दिपमालाने तेव्हा सांगितली. ती सांगायची गरज नव्हती. रोहिदास मेंबर मागून आला होता आणि ओसरीच्या खांबाला टेकून उभा होता. पन्नाशीचा, अंगाने भरलेला, गोड बोलणारा. ठरावावर आठ वर्षांपूर्वी त्यानेही सही केली होती, आणि त्यानंतर दरवर्षी 'आता एक बोर चालंल' असं म्हणून पाहिलं होतं.

"आपन मांगाले गवूत का?" तो म्हणाला. "बोर सोताना पायघाई चालीसन ई ऱ्हायनी. धरमनी शे. धरमले कोनी नही म्हनतस का?"

"तुनाच वावरमा काबरं?" गुंताअक्काने विचारलं.

"जागा मी फुकट देस. पुण्य शे."

"पुण्य तुनं, पानी बी तुनं," मघाचीच बाई म्हणाली. "आमले निस्ती पाटी वाचाले."

रोहिदासचा चेहरा आवळला. "कागदवर काय लिखेल शे? गाव पानीबिगर मरी ऱ्हायनं. आते तुम्ही म्हनशात पानी शे, मंग पुढला साली या संस्थावाला तुम्हनाकडे ढुंकीसन बी देखाव नही. हाई बाई नोकरी करीसन निंघी जाई. तुम्ही बठा दोर मोजत."

तो गेला. तो बोलला त्यात काही अगदीच खोटं नव्हतं. ज्या बायकांनी आठ हिवाळे स्वतःच्या घरच्या पुरुषांशी भांडून गव्हाऐवजी कमी पाण्याचा हरभरा पेरायला लावला होता, त्यातल्या दोघी आता एकमेकींकडे पाहत होत्या. एखादी बोर काय करणार, असं ते पाहणं होतं. दिपमालाला भीती वाटली ती तेव्हा. मशीनपेक्षा त्या नजरेची.

"एक पडनी म्हनजे पन्नास पडतीन," गुंताअक्का म्हणाली. "रोहिदासनी पडनी की मना दीर म्हनी माले बी जोयजे. मंग दोर कसाले? खुटीले टांगी देवा." तिने दिपमालाकडे वळून विचारलं, "तो देनारा कोठे ऱ्हास?"

"सावद्याला. रावेरकडे. मी उद्या चालले आहे."

"मी बी येस."

*

पहाटेची एसटी, धुळ्याला दुसरी, जळगावला तिसरी. मे महिन्याचा पहिला आठवडा; भुसावळच्या पुढे खिडकीची कड हाताला लागली की चटका बसत होता. गुंताअक्काने ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसलं होतं आणि मांडीवर पिशवी होती. पिशवीत दोर. दिपमालाच्या पिशवीत मोजमापाची वही.

सावदा जवळ आलं तसं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच केळी. रखरखीत उन्हात हिरवीगार, माणसाहून उंच.

"इतलं पानी कथाईन ई ऱ्हायनं?" गुंताअक्काने विचारलं.

"खालून," दिपमाला म्हणाली. "फार खालून."

रतिलालभाऊ पंचाहत्तरीचे होते. पांढरा सदरा, कानात यंत्र. त्यांनी दोघींना बैठकीत बसवलं, पाणी दिलं. भिंतीवर एका ठसठशीत बाईचा फोटो, त्याला हार, खालच्या फळीवर ती पुस्तिका, अकराव्या पानावर उघडी ठेवलेली.

"संस्थेच्या तुम्ही," ते दिपमालाला म्हणाले. "आणि ह्या?"

"ह्या गुंताबाई."

त्यांनी गुंताअक्काकडे पाहिलं, मग पुस्तिकेकडे, मग पुन्हा तिच्याकडे. त्यांची नजर खाली तिच्या पायांकडे गेली आणि तिथेच अडकली.

"फोटोतल्या?"

"हो भाऊ, ती मीच शे. मन्या चपला तुम्हना दारमा शेतस. देखी ल्या."

रतिलालभाऊंनी दाराकडे वळून पाहिलं. दिपमालाने तेवढ्यात सगळं सांगितलं. हंडा, चपला, गाठी, ते तीन प्रश्न आणि आपली तीन उत्तरं. काही सोडलं नाही, आपली चूकही नाही. ती बोलत असताना म्हाताऱ्याने फळीवरची पुस्तिका मिटली.

"म्हणजे मला फसवलं," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"माह्या लताचं माहेर तिकडे तापीपलीकडे. लहानपणी चैत्रात रेतीतून अनवाणी पाणी वाहायची. मरेपर्यंत तिच्या तळपायाला ते डाग होते." त्यांचा आवाज चढला. "हे पान पाहून मी दोन दिवस जेवलो नाही. मला तीच दिसली. आणि तुम्ही इथे येऊन सांगता, तसं नव्हतं. मग मी रडलो ते काय?"

दिपमालाला ललितचा राग आला होता तो फक्त मोहपाड्यापुरता. आता तो आणखी एका माणसासाठी आला. या माणसाचं खरं दुःखही त्या पानाने फुकट वापरून घेतलं होतं.

"बरं, पाणी आहे तुमच्याकडे," रतिलालभाऊ म्हणाले. "मग आणखी आलं तर काय बिघडतं? मी नाव दिलंय तिचं. पाटी कोरायला टाकली."

दिपमालाने वही उघडली. भेगाळ खडक, आठ ते बारा मीटर, असं ती सुरू करणार तोच गुंताअक्काने तिच्या हातावर हात ठेवला.

"भाऊ, तुम्हन्या बोरी कितल्या शेतस?"

"अकरा. चालू चार."

"पहिली कितली खोल व्हती?"

"दीडशे फूट." ते थांबले. "आता सातशेला लागतं. कधी नाहीच लागत."

"आन् इहीर?"

"आहे, आजोबांच्या हातची. तिकडे कोणी जात नाही आता."

"दखाडा," गुंताअक्का म्हणाली.

विहीर केळीच्या बागेमागे होती. काळ्या घडीव दगडाची, बैलांची मोट चालायची त्या काळातली, काठावर रुईची झुडपं उगवलेली. दहा पावलं अलीकडे गुंताअक्का थांबली आणि तिने चपला काढून बाजूला ठेवल्या. दुपारचे साडेतीन वाजले होते. जमीन तव्यासारखी होती. ती न बिचकता चालत काठापर्यंत गेली, वाकली, हात जोडले.

मागे रतिलालभाऊ उभे राहिले होते. त्यांनी पाहिलं होतं.

"पानी आना," ती म्हणाली. "दोर भिजाडाले."

गड्याने ठिबकच्या नळीतून बादली भरून आणली. गुंताअक्काने दोर नीट बुडवला, पिळला नाही, आणि गोटा विहिरीत सोडला. गाठी तिच्या अंगठ्याखालून एकेक करून जाऊ लागल्या. ओठ मिटलेले, नजर आत. अगदी तो फोटो होता. दिपमालाला वाटलं, हाच चेहरा, हेच पाय. फक्त कोणीतरी शेजारी उभं राहून विचारायला हवं होतं, बाई, काय करताय?

सोळावी गाठ, लाल चिंधी, गेली. वीस. चोवीस. सव्विसावी गाठ गुंताअक्काच्या मुठीत आली आणि दोर संपला. ती गुडघ्यांवर बसली, हात खांद्यापर्यंत आत घातला. आवाज आला नाही. पाण्याचा नाही, तळाचाही नाही. गोटा खाली कुठेतरी अंधारात हलत राहिला आणि त्याचं वजन तिच्या मनगटावर दिसत होतं.

"मी इथून उड्या मारायचो," रतिलालभाऊ म्हणाले. "त्या पायरीवरून. पाणी इतकं वर असायचं." ते काठाशी आले होते. चपला त्यांनी कधी काढल्या ते दिपमालाच्या लक्षात आलं नाही.

"धरा," गुंताअक्का म्हणाली आणि दोर त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो धरला. बराच वेळ धरला. मग खिशातून फोन काढला, दोर न सोडता एका हाताने नंबर लावला, आणि मशीनवाल्याला सांगितलं की गुरुवारी जायचं नाही. दुसरा फोन ललितला. त्याला ते एवढंच म्हणाले, "बोर रद्द. कारण तुमच्या बाईला विचारा, माह्या तोंडून बरं नाही येणार."

"मग मी काय देऊ तुम्हाला?" फोन ठेवून त्यांनी गुंताअक्काला विचारलं. "तिच्या नावाने काही तरी…"

"आमले काय नको, भाऊ. तुम्हनं तुम्ही देखा." ती दोर वर ओढत होती, हातावर वेटोळी घालत. "इहीरना गाळ काढा. पावसानं पानी वावरमाईन इहीरमा वळाडा, पहिले खड्डामा गाळीसन. दोन साल बोर पाडू नका. दिवाईना मांगे मी मोजाले येसू." जरा थांबून म्हणाली, "मोठा दोर लई येसू."

*

ललितचा फोन जळगावच्या स्टँडवर आला.

"तू पंचवीस वर्षांचा दाता तोडलास," तो म्हणाला. "वरपर्यंत गेलंय. तुला कामावरून काढल्याचं पत्र मिळेल."

"मिळू दे."

"मी त्या गावाचं भलंच करत होतो, दिपा."

"तू मला तीन प्रश्न विचारलेस," दिपमाला म्हणाली. "चौथा विचारायला हवा होतास, की बाई तिथे काय करतायत. तू विचारला नाहीस, मी सांगितलं नाही. माझी चूक मी त्यांच्या ओसरीवर बसून ऐकून घेतली. तू कधी जातोस?"

त्याने फोन ठेवला.

गुरुवारी मशीन आलं नाही. आलं ते वेगळंच. कुठल्या तरी भल्या वाचकाने पाठवलेली चपलांची खोकी. चाळीस जोड, सगळे सात नंबरचे. बायकांनी ओसरीवर ते मांडून पाहिले. "बठ्ठा गावना पाय एकच मापना समजनात का?" म्हणत त्यांनी खोकी पुन्हा बांधली आणि दूधगाडीने धुळ्याला परत पाठवली. रोहिदास त्या दिवसापासून दिपमालाशी बोलला नाही. गुंताअक्काच्या दिराशी मात्र तो रोज बोलत होता, पारावर, सगळ्यांना दिसेल असा.

वैशाखातल्या अमावस्येला दोर पाण्याला सतराव्या गाठीला टेकला. मोजून झाल्यावर दिपमालाने वहीतून एक कागद काढला. पोस्टकार्डाएवढा. "हे छापायच्या आधी ऐक," ती म्हणाली आणि वाचून दाखवलं:

"या पानावरच्या बाई गुंताबाई. त्या पाणी मोजत आहेत. त्यांच्या चपला बाभळीखाली आहेत. विहिरीवर चप्पल घालून कोणी जात नाही. हंड्यातल्या पाण्याने दोर भिजवला आहे. विहीर कोरडी नाही. ती २०१६ साली कोरडी पडली होती, त्यानंतर या गावच्या बायकांनी ती पुन्हा कोरडी पडू दिलेली नाही. आधीचा मजकूर चूक आहे. फोटो काढणारीने तो छापू दिला."

गुंताअक्काने ऐकलं. "फोटूना दिवस कितली गाठ व्हती?"

"पंधरा."

"ते लिख. निस्तं 'कोरडी नही' म्हनशी तर कोन पत्याई? गाठ लिख."

दिपमालाने लिहिलं.

चारशे चिठ्ठ्या तिने साक्रीतच छापून घेतल्या. सोमवारी सकाळी ती धुळ्याच्या ऑफिसात भिंतीशी बसली, डिंकाची बाटली उघडली आणि पहिल्या गठ्ठ्याची सुतळी कापली. परत आलेली चपलांची खोकी ललितच्या टेबलाखाली तशीच होती. पाय ठेवायला जागा नसल्यामुळे तो तिरका बसला होता.

"हा संस्थेचा माल आहे," तो म्हणाला. "तुला पत्र मिळालंय ना?"

"मिळालं. महिनाभर मी अजून इथे आहे."

ती चिकटवत राहिली. चिठ्ठी सरळ, चारही कोपरे दाबून, मजकुरावर. फोटोवर नाही, फोटो चांगला होता. दुपारी ललितने एकदा एक प्रत उचलली, चिठ्ठी वाचली, खाली ठेवली. तिने वर पाहिलं नाही.

साडेपाचला चारशे संपल्या. तिने बोटांवरचा डिंक खरवडून काढला, हात धुतले, आणि त्याच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"आता सोळाशे पत्ते दे."

"ते मला देता येत नाहीत."

"बरं," दिपमाला म्हणाली. तिने एक खुर्ची ओढली, पायाने खोकं बाजूला सारलं, आणि त्याच्यासमोर बसली.